महिनाभर हातच काढले, तरी हात जमेनात : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की सराव, स्मरण आणि शिकणं यांवर मानसशास्त्रात शंभराहून जास्त वर्षं संशोधन चाललंय पण त्यातलं फारच थोडं चित्रकलेच्या वर्गापर्यंत पोचतं, कोणाला काही विचारायचं असेल तर लिहा. आणि पत्रांचा पाऊस पडला. सगळी घेणं शक्य नाही, निवडक घेतेय, लांब पत्रं कापलीत, रागावू नका.

प्रश्न : ताई, मी रिटायर झाल्यावर चित्रकला सुरू केली. समोर ठेवलेला कप मला अगदी व्यवस्थित दिसतो, कागदावर मात्र भलतंच काहीतरी उतरतं. घरचे म्हणतात वय झालं, आता हात वळत नाही. खरंच या वयात हात तयार होईल का?

उत्तर : काका, हाताला उगाच बदनाम करताय. तुम्ही सही करता, शर्टाची बटणं लावता, मग हात चांगलाच चालतोय की.

१९९७ मध्ये डेल कोहेन आणि सुझन बेनेट या दोन संशोधकांनी नेमका तुमचाच प्रश्न घेतला, की बहुतेक माणसांना दिसतं तसं का काढता येत नाही. त्यांनी चार संशयित धरले. एक म्हणजे वस्तूच चुकीची दिसते, दुसरं काय काढायचं न् काय सोडायचं हे ठरवण्यात चूक होते, तिसरं हात साथ देत नाही, आणि चौथं म्हणजे स्वतःचं काढलेलं चित्र आपल्याला चुकीचं दिसतं. हाताचं प्रकरण तपासायला साधी युक्ती, फोटोवरून ट्रेस करायला लावायचं. ट्रेसिंग बऱ्यापैकी नीट आलं म्हणजे हाताचा फारसा दोष नाही. शेवटी त्यांचं बोट गेलं पहिल्या संशयितावर, घोळ बघण्यातच आहे.

आता तुम्ही म्हणाल मला तर नीट दिसतंय. तिथेच तर गोम आहे. कपाचं तोंड गोल असतं हे मेंदूला पक्कं माहीत असतं, त्यामुळे समोर ते चपटं लंबवर्तुळ दिसत असलं तरी मेंदू ते परस्पर थोडं गोल करून आपल्याला दाखवतो. रॉबर्ट थाउलेस यांनी हे १९३१ मध्येच दाखवलं होतं, तिरप्या ठेवलेल्या चकतीचा आकार लोक प्रत्यक्ष दिसतो त्यापेक्षा गोल सांगतात. रोजच्या जगण्यात ही मोठीच सोय आहे, नाहीतर मान हलवली की कपाचा आकार बदललाय असं वाटत राहिलं असतं. चित्र काढताना मात्र ती आडवी येते. आणि हा भास मुरलेल्या चित्रकारांनाही होतो बरं का, त्यांचे डोळे काही निराळे नसतात, ते फक्त स्वतःच्या डोळ्यावर आंधळा विश्वास ठेवत नाहीत, पडताळून बघतात.

तर करायचं असं. कप ठेवा, आणि आधी नुसत्या अंदाजाने कागदाच्या कोपऱ्यात लिहा की तोंडाची उंची रुंदीच्या किती पट वाटते, अर्धी, तिसरा हिस्सा, काय वाटेल ते. मग हात पूर्ण सरळ करून पेन्सिल धरा, एक डोळा मिटा आणि मोजा. बहुतेक वेळा तुमचा अंदाज जास्त निघेल. ही मोजण्याची युक्ती सगळ्या वर्गांत शिकवतात पण आधी अंदाज लिहायचा हे सहसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते खरं शिक्षण तिथेच आहे, कारण अंदाज लिहिलाच नसेल तर आपण किती आणि कुठल्या बाजूला चुकतो हे कळायला काही मार्गच उरत नाही.

दुसरं म्हणजे मान वरखाली करायचा कंटाळा करू नका. कोहेन यांनीच २००५ मध्ये पाहिलं की जे अचूक काढतात ते वस्तूकडे पुन्हा पुन्हा बघतात, थोडं बघायचं, थोडं काढायचं. लोकांना मुद्दाम कमी वेळा बघायला लावलं तर चित्राची अचूकता घसरली. कारण सरळ आहे, एकदा बघून दहा रेघा मारायच्या म्हटलं की पहिल्या दोन समोरच्या कपाच्या असतात आणि उरलेल्या आठ डोक्यातल्या कपाच्या.

वयाचं म्हणाल तर यातलं काहीही साठीनंतर शिकता येत नाही असं नाही. चष्म्याचा नंबर तेवढा बरोबर आहे ना बघा.

प्रश्न : मी आयटीत काम करते, चित्रकला स्वतःच शिकतेय, व्हिडिओ बघून. मी एकदम शिस्तीत प्लॅन केला होता, पहिला महिना फक्त हाताचे पंजे, दुसरा महिना पावलं, तिसरा चेहरा वगैरे. पंज्यांच्या महिन्यात शेवटी शेवटी मस्त यायला लागले होते. आता चेहऱ्यावर आहे आणि परवा एका चित्रात पंजा काढायला गेले तर पुन्हा ये रे माझ्या मागल्या!! सगळी मेहनत गेली का?

उत्तर : गेली नाही, पण प्लॅन बदलावा लागेल. या विषयावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण इतकी प्रामाणिक मेहनत करून पदरात कमी पडणारी माणसं मला सगळ्यात जास्त इथेच भेटतात.

एकच गोष्ट सलग केली की ती पटापट सुधारते, हे खरंच आहे. प्रश्न असा की ती सुधारणा टिकते का. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला, हातात चेंडू घेऊन लाकडी फळ्या ठरावीक क्रमाने झटपट पाडायच्या, असे तीन क्रम शिकायचे होते. एका गटाने आधी पहिला क्रम पूर्ण घोटला, मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या गटाला तिन्ही क्रम उलटसुलट मिसळून दिले. सराव चालू असताना पहिला गट सरस होता. दहा दिवसांनी पुन्हा बोलावलं तेव्हा मिसळून शिकलेले पुढे निघाले.

आणि याहून मजेशीर प्रयोग चित्रांवरचाच आहे. नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट बियॉर्क, २००८. बारा चित्रकार घेतले, फार प्रसिद्ध नसलेले, प्रत्येकाची सहा चित्रं. काही चित्रकारांची सहाच्या सहा चित्रं लागोपाठ दाखवली, काहींची इतरांच्या मध्ये मध्ये पेरून. मग त्याच चित्रकारांची नवी चित्रं दाखवून विचारलं, हे कोणाचं? पेरून दाखवलेल्यांची शैली लोकांना जास्त नीट ओळखता आली. गंमत पुढे आहे, त्यांनाच विचारलं की कुठल्या पद्धतीने जास्त शिकलात, तर बहुसंख्य लोक म्हणाले लागोपाठने. परीक्षा देऊन झाल्यावरसुद्धा!

म्हणजे शिकताना जे सोपं वाटतं ते आपल्याला शिकणं वाटतं. तुमच्या पंज्यांच्या महिन्यात नेमकं हेच झालं असणार. चाळिसावा पंजा काढताना तुम्हाला काही आठवावं लागत नव्हतं, एकोणचाळिसावा समोरच होता, अंगठ्याचा सांधा कुठून निघतो, बोटांचा गठ्ठा कसा पकडायचा हे सगळं हातात गरम होतं. पण दोन महिन्यांनी मधेच एका चित्रात पंजा लागतो तेव्हा ते सगळं थंड अवस्थेतून उकरून काढावं लागतं, आणि त्या उकरण्याचा सराव तुम्ही कधी केलेलाच नाही. बियॉर्क अशा अडचणींना हव्याशा अडचणी म्हणतात, सरावात त्रास देतात पण पुढे उपयोगी पडतात अशा.

आता काय करायचं. एका बैठकीत तीन विषय घ्या, समजा पंजा, चेहरा आणि घडी पडलेलं कापड, आणि ते फिरवत राहा, एक पंजा, एक चेहरा, एक कापड, पुन्हा पंजा पण वेगळ्या कोनातून. कोन बदलणं महत्त्वाचं आहे. कर आणि बूथ नावाच्या दोन संशोधकांचा १९७८ चा प्रयोग आहे, आठ वर्षांच्या मुलांना छोट्या पिशव्या निशाण्यावर टाकायला शिकवलं, काहींनी फक्त ३ फुटांवरून सराव केला आणि काहींनी २ आणि ४ फुटांवरून, ३ फुटांवरून कधीच नाही. शेवटी परीक्षा घेतली ३ फुटांवरूनच, आणि ज्यांनी ते अंतर सरावात पाहिलंही नव्हतं ती मुलं सरस ठरली!

दोन गोष्टी लक्षात ठेवा मात्र. एक, अगदी कोरी गोष्ट असेल तर पहिल्या एकदोन बैठका तीच करा, पंज्याची रचनाच कळलेली नसताना मिसळामिसळ केली तर नुसताच गोंधळ होतो. दोन, प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या वर्गात आणि मैदानावर, हा फरक एवढा ठसठशीत दिसत नाही, कमीजास्त होतो, तेव्हा आठवड्यात चमत्कार होईल असं समजू नका. उलट पहिले काही दिवस तुमची पानं आधीपेक्षा वाईट दिसतील. त्या आठवड्यात ती कोणाला दाखवू नका आणि प्लॅन सोडूही नका.

प्रश्न : सरळ रेघ मारताना हात थरथरतो. उपाय?

उत्तर : पेन्सिलच्या टोकाकडे बघणं बंद करा. जिथे रेघ संपवायची तिथे एक ठिपका द्या, नजर त्या ठिपक्यावर ठेवा, हात कागदाच्या वरून हवेतच एकदोनदा फिरवून घ्या आणि मग एका दमात मारा, लांब रेघ असेल तर मनगट न वळवता खांद्यातून. गॅब्रिएले वुल्फ या संशोधक १९९० च्या दशकापासून दाखवत आल्यात की लक्ष आपल्या अवयवावर ठेवण्यापेक्षा त्या हालचालीने बाहेर काय घडायचंय त्यावर ठेवलं की कौशल्य चांगलं येतं. त्यांचे प्रयोग तोल सांभाळणं, गोल्फ वगैरेंवर आहेत, पण रेघेलाही मला ते लागू पडताना दिसतं. आणि रेघ चुकली तर खोडू नका, शेजारी दुसरी मारा, पहिली तिथेच राहू दे, तुलनेला लागते.

प्रश्न : मी इंजिनियर, म्हणजे डाव्या मेंदूचा माणूस. शिवाय मी व्हिज्युअल लर्नर नाही अशी टेस्टही आली होती. चित्र उलटं ठेवून काढलं की उजवा मेंदू जागा होतो असं ऐकलंय. माझ्यासारख्याने सुरुवात करावी का?

उत्तर : करा, आणि ती टेस्ट विसरा. २००८ मध्ये पॅशलर, मॅकडॅनियल, रोहरर आणि बियॉर्क यांनी लर्निंग स्टाइल्सवरचे अभ्यास तपासले आणि माणसाच्या स्टाइलप्रमाणे शिकवलं तर तो जास्त शिकतो याला पुरेसा आधार सापडत नाही असं स्पष्ट लिहिलं. डावा-उजवा मेंदू हे प्रकरण रॉजर स्पेरी यांच्या कामावरून निघालं, त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं ते बरोबरच, पण त्यांनी अभ्यासलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या दोन भागांमधला जोड शस्त्रक्रियेने तोडलेला होता. तुमचा शाबूत आहे. २०१३ मध्ये हजाराहून जास्त लोकांचे मेंदूचे स्कॅन बघून केलेल्या अभ्यासातही अमका माणूस डाव्या मेंदूचा, तमका उजव्या, असं काही सापडलं नाही.

उलटं ठेवण्याची युक्ती मी पूर्वापार ऐकत आलेय, वर्गात मजाही येते. तर्क असा की उलटं नाक हे नाक वाटत नाही, नुसता आकार वाटतो, म्हणून माणूस बघून काढतो. ऐकायला पटतं. पण २०१० मध्ये कोहेन (वर आलेत तेच) आणि त्यांच्या सहकारी अर्ल्स यांनी मोजून पाहिलं तर उलटं ठेवल्याने अचूकता वाढली नाही. तेव्हा खेळ म्हणून करा, औषध म्हणून नको. त्यापेक्षा खुर्चीच्या पायांच्या मधल्या रिकाम्या जागा काढा, त्या जागांना नाव नसतं त्यामुळे मेंदूकडे त्यांचा ठरलेला आकारही नसतो.

प्रश्न : ताई, कॉपी करणं ही चोरी आहे का? आमचे एक सर म्हणायचे की दुसऱ्याचं चित्र बघून काढलंत तर स्वतःचं काही उरणार नाही. मित्र म्हणतो की जपानी कॉमिक्स कॉपी करूनच तो शिकला. आणि ट्रेसिंगचं काय?

उत्तर : तुमचे सर आणि तुमचा मित्र दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत.

दुसऱ्याचं चित्र स्वतःचं म्हणून खपवणं ही चोरी, त्यावर वाद नाही. शिकण्यासाठी कॉपी करणं हा वेगळा विषय आहे. १८६६ ते १८७१ या काळात शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराने जेरोम या दुसऱ्या चित्रकारासोबत कॉपी करण्यासाठीच आखलेल्या रेखाटनांचा संच छापला, व्हॅन गॉगने सुरुवातीच्या काळात तो कसून कॉपी केला आणि १८९० मध्ये पुन्हा हातात घेतला. शिकण्याच्या संशोधनात याचा भाऊ म्हणजे सोडवून दाखवलेलं उदाहरण. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर दाखवलं की नवशिक्याने सोडवलेली उदाहरणं अभ्यासली तर तो नुसती गणितं सोडवत बसणाऱ्यापेक्षा लवकर शिकतो. कारण एका वेळी डोक्यात मावतं तेवढंच मावतं. जिवंत माणूस समोर बसवून काढताना प्रमाण, कोन, छायाप्रकाश, कडा कुठे धूसर करायची, काय गाळायचं, हे सगळं एकदम अंगावर येतं. बार्गच्या चित्रात हे निम्मे निर्णय आधीच घेतलेले आहेत, तुम्ही फक्त ते कसे घेतले हे बघायचं.

पण जसजसं येऊ लागतं तसतशी ही मदत निरुपयोगी होते, कधी कधी अडथळाही, हेही स्वेलर यांच्या परंपरेतल्याच संशोधकांनी दाखवलंय. तेव्हा कॉपी करत करत जन्म काढायचा नाही.

ओरिजिनॅलिटी जाते का? ओकादा आणि इशिबाशी या जपानी संशोधकांचा २०१७ चा अभ्यास उलटं सांगतो. कलेचं शिक्षण न घेतलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना अनोळखी शैलीतली चित्रं कॉपी करायला दिली आणि नंतर स्वतःचं काहीतरी काढायला सांगितलं तर त्यांची चित्रं कॉपी न करणाऱ्यांपेक्षा जास्त कल्पक ठरली. यातला अनोळखी हा शब्द अधोरेखित करा. तुमच्या मित्राला माझा निरोप द्या की एकाच प्रकारची कॉमिक्स दहा वर्षं कॉपी करू नकोस, ज्या शैलीने चक्रावायला होतं ती घे.

आणि कॉपी पूर्ण झाली की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. मूळ चित्र मिटा, तुमची कॉपीही मिटा, आणि कोऱ्या कागदावर आठवून काढा. आपल्याकडे स्मरणचित्र हा शब्द आहे पण तो परीक्षेतल्या देखाव्यांपुरता उरलाय, ही खरी दुर्दैवाची गोष्ट. पॅरिसमध्ये लकोक द ब्वाबोद्रां नावाच्या शिक्षकाने एकोणिसाव्या शतकात सगळी शिकवणीच स्मरणावर उभारली होती, १८४८ मध्ये त्यावर लिहिलंही. सोप्या आकारांपासून सुरुवात, हळूहळू अवघड, आधी नीट निरखायचं मग आठवून काढायचं. त्यांच्या विद्यार्थ्यांमध्ये शिल्पकार रोदां होता, चित्रकार फाँतें-लातूर होता. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी उताऱ्यांवर जे दाखवलं ते याच जातीचं आहे, उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे असतात आणि आठवून लिहिणारे आठवड्याने पुढे असतात.

पटत नसेल तर आत्ता एक सायकल काढा, न बघता. रेबेका लॉसन यांनी २००६ मध्ये लोकांना हेच करायला सांगितलं होतं, कोणी चेन दोन्ही चाकांना जोडली, कोणी फ्रेमचा दांडा असा टाकला की पुढचं चाक वळूच शकणार नाही. रोज दिसणारी वस्तू! काढून झालं की खऱ्या सायकलीजवळ जाऊन उभे राहा, त्या वेळी तुम्ही तिच्याकडे जसं बघाल तसं याआधी कधीच बघितलेलं नसेल.

ट्रेसिंगने हातात रेघेचा प्रवाह येतो, बघायला शिकत नाही. एक उपयोग मात्र उत्तम आहे. आधी बघून काढा, मग त्यावर ट्रेसिंग पेपरवरचं मूळ चित्र ठेवा, कुठे किती घसरलो ते लाल पेन्सिलने खुणा करा. एवढंच.

प्रश्न : मॅडम, मी चित्रकलेचा क्लास चालवतो, पंधरा-सोळा वर्षांची मुलं आहेत. मी फिरत फिरत प्रत्येकाच्या चित्रात हाताने दुरुस्ती करून देतो, शेवटी दहापैकी मार्कही देतो. मुलं खूश, पालक खूश. तरी स्वतंत्र काढायला दिलं की पाटी कोरी. काय चुकतंय?

उत्तर : सर, तुम्ही जास्त मदत करताय.

हात शिकत असताना दर वेळी लगेच दुरुस्ती मिळाली तर काय होतं यावर विनस्टाइन आणि श्मिट यांचं १९९० चं काम आहे. ज्यांना निम्म्याच प्रयत्नांनंतर निकाल सांगितला ते पुढच्या चाचणीत, काही न सांगता, प्रत्येक वेळी निकाल मिळालेल्यांपेक्षा चांगले निघाले. दुरुस्ती येणारच आहे म्हटलं की डोकं स्वतः चूक शोधायचं सोडून देतं. तुमच्या क्लासमध्ये चूक शोधायचं कौशल्य एकाच माणसाकडे वाढतंय, तुमच्याकडे!

तर मुलाजवळ गेलात की आधी त्याला विचारा, तुला कुठे खटकतंय? मग चित्र पाच पावलं लांब ठेवायला सांगा, किंवा आरशात दाखवा, आरशात डोकं एका बाजूला कललेलं लगेच दिसतं. त्याने बरोबर जागा दाखवली तर तुम्ही काही बोलायची गरजच नाही, नसेल दाखवली तर जागा दाखवा, उपाय नको. "डाव्या खांद्याचा उतार पेन्सिल धरून पुन्हा बघ" एवढं पुरे. दुरुस्ती करून दाखवायचीच असेल तर समासात दाखवा, त्याच्या चित्रावर हात नको.

मार्कांचं म्हणाल तर क्लुगर आणि डिनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे ढीगभर अभ्यास एकत्र केले आणि एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकने कामगिरी चक्क घसरलेली निघाली. लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं, मी कसा, मी कितवा, की फायदा कमी होत जातो. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर पाहिलं की नुसती टिप्पणी मिळालेल्यांचा रस आणि काम दोन्ही टिकलं, मार्क मिळालेल्यांचं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, मार्क अधिक टिप्पणी दिली तरी मार्कच जिंकतात, टिप्पणी वाया जाते. दहापैकी सहा हा आकडा डोळ्यात भरला की खाली लिहिलेलं कोण वाचतंय. पालकांना काहीतरी दाखवावं लागतं हे मला कळतं, मग महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यातलं चित्र शेजारी शेजारी लावा ना.

प्रश्न : माझा सहा वर्षांचा मुलगा समोर ठेवलेल्या कपाचा कान दिसत नसला तरी काढतोच. टेबलाचे चारही पाय काढतो. मी सांगून सांगून थकले की दिसतं तेवढंच काढ. दुसरं म्हणजे त्याने रोज काढावं म्हणून मी एका चित्राला एक स्टार आणि दहा स्टारला एक बक्षीस असं ठेवलंय, पहिले काही दिवस जोरात चाललं, आता स्टारशिवाय हातच लावत नाही.

उत्तर : कपाच्या कानाबद्दल तर काहीच करू नका. फ्रीमन आणि जॅनिकून यांनी १९७२ मध्ये ५ ते ९ वर्षांच्या मुलांना असाच कप दिला होता, कान मागे लपलेला आणि पुढे एक फूल रंगवलेलं. लहान मुलांनी न दिसणारा कान काढला आणि दिसणारं फूल गाळलं! आठच्या आसपास हे उलटतं. त्याच्याही कितीतरी आधी, १९१३ मध्ये, ल्युके यांनी स्वतःच्या मुलीच्या चित्रांवरून लिहिलं होतं की मूल दिसतं ते नाही, माहीत असतं ते काढतं. तुमचा मुलगा कप म्हणजे काय ते सांगतोय, कपाला कान असतो, टेबलाला चार पाय असतात, आणि त्याच्या दृष्टीने तुम्हीच विचित्र आहात, कान तोडायला सांगताय. (वर पहिल्या पत्रातले काका साठीत तेच करतायत, फक्त जरा सफाईने.) फारच वाटलं तर त्याच कपाभोवती फिरायला लावा, इथून कसा दिसतो, तिथून कसा, खेळ म्हणून.

स्टारचं मात्र आजच थांबवा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग नेमका चित्र काढणाऱ्या चिमुकल्यांवरच आहे, ३ ते ५ वर्षांची, ज्यांना स्केचपेन मुळातच आवडायचे अशी मुलं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी न् रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता अचानक दिलं, काहींना काहीच नाही. एकदोन आठवड्यांनी पेन नुसते समोर ठेवून दिले. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्र काढत बसली. ज्यांना अचानक मिळालं त्यांच्यात अशी घट दिसली नाही, म्हणजे बक्षीस वाईट नाही, सौदा वाईट. तुम्ही कबूल केलेलं जे राहिलं असेल ते देऊन टाका, फसवल्यासारखं नको, आणि नंतर विषयच काढू नका. कागद आणि रंग त्याच्या हाताला येतील अशा उंचीवर ठेवा, चित्र दाखवायला आला तर छान म्हणून मोकळं होण्यापेक्षा हा कोण, हा कुठे चाललाय असं विचारा. काही दिवस काहीच काढणार नाही कदाचित. नाही काढलं तर नाही काढलं.

प्रश्न : दहा हजार तासांचा हिशोब चित्रकलेलाही लागू आहे का? मला नोकरीमुळे फक्त रविवार मिळतो, तीन तास बसतो.

उत्तर : तो आकडा अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांच्या अभ्यासावरून निघालाय, आणि ती सगळ्यात चांगल्या गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती, पासिंगचे मार्क नव्हेत. त्या गटातल्याही कित्येकांचे तेवढे तास झालेले नव्हते. शिवाय ते तास म्हणजे स्वतःच्या कच्च्या जागा शोधून त्यांच्यावर एकट्याने केलेला सराव, गाणी लावून आवडती डूडल्स काढलेले तास त्यात धरत नाहीत. (डूडल्स काढाच, मजेसाठी, फक्त हिशोबात नको.)

रविवारचे तीन तास मात्र फोडा. अंतर ठेवून केलेला अभ्यास जास्त टिकतो हे हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं आणि त्यानंतर इतक्यांनी इतक्या प्रकारे तपासलंय की शिकण्याच्या संशोधनात एवढी पक्की गोष्ट क्वचितच सापडेल. सोमवार, बुधवार, शुक्रवार पंचवीस-पंचवीस मिनिटं, रविवारी उरलेला वेळ मोठ्या चित्राला. मधल्या दिवसांत नवं काही उघडू नका, रविवारी जे काढलं होतं त्यातला एखादा तुकडा न बघता आठवून काढा आणि मग शेजारी ठेवून बघा. बुधवार हुकला तर शुक्रवारी दुप्पट बसायचं नाही, शुक्रवारचं शुक्रवारी. आणि प्रत्येक पानावर तारीख टाका, खूप लोक टाकत नाहीत आणि मग सहा महिन्यांनी मलाच विचारतात की माझी प्रगती झालीय का.